सावित्रीच्या मुखापासून उगमापर्यंत: वरंध घाट उतरून आंबेनळी चढण्याचा चार दिवसांचा गाडीप्रवास

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं, अशी श्रद्धा आहे. कृष्णा, वेण्णा आणि कोयना पूर्वेकडे वळतात आणि शेवटी त्यांचं पाणी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतं. सावित्री मात्र सरळ पश्चिमेच्या कड्यावरून खाली झेपावते, पोलादपूर-महाडवरून वाहते आणि शंभरेक किलोमीटरच्या आतबाहेर बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. इतक्या थोड्या अंतरात सुमारे 1,400 मीटरची उंची, घनदाट जंगल, भातशेती, खारफुटी आणि भरतीचं पाणी एवढं सगळं एका नदीच्या काठानं पाहायला मिळतं. म्हणून पुण्या-मुंबईहून कोकणात जायचं असेल तर नुसता समुद्रकिनारा गाठण्याऐवजी ही एक नदी धरून प्रवास आखा, असं मी आग्रहानं सांगतो.

हा लेख पुण्याहून निघणाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे. वरंध घाटानं कोकणात उतरायचं, सावित्रीच्या मुखाशी दोन मुक्काम करायचे, मग उलट दिशेनं पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून उगमापाशी पोचायचं आणि पसरणी घाटानं वाईत उतरून घरी यायचं, असा हा फेरा आहे. मुंबईकरांनी माणगावला फेऱ्यात शिरावं. त्यांचा वरंध घाट राहून जाईल, पण नदी सगळी मिळेल.

दिशा आणि दिवस आधी ठरवा

हाच फेरा उलट्या दिशेनंही होतो, पण तसा करू नका. सकाळी वरंध उतरताना तुम्ही पश्चिमेकडे तोंड करून असता, म्हणजे ऊन पाठीमागे राहतं. आंबेनळी दुपारी चढताना तोंड पूर्वेकडे आणि सूर्य पुन्हा पाठीशी. उलट दिशेनं गेलात तर दोन्ही घाटांत वळणावळणाला ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि समोरून येणारी गाडी शेवटच्या क्षणी दिसते. घाटात याचा फार फरक पडतो. शिवाय दमलेल्या अंगानं शेवटी उतरायचा घाट पसरणीचा, जो या तिन्हींत सगळ्यांत रुंद आणि सवयीचा आहे.

हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. ऑक्टोबरच्या शेवटी डोंगर अजून हिरवे असतात, गवत पिवळं पडायला नुकती सुरुवात झालेली असते आणि हवा स्वच्छ असते. मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला मिळू शकतात, म्हणून तोही महिना चालेल, पण महाड-पोलादपूर पट्ट्यात तोवर दुपारी चांगलंच तापतं. जून ते सप्टेंबर हा फेरा करू नये. वरंध आणि आंबेनळी दोन्ही दरडींचे घाट आहेत. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता आणि त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला. वरंध घाट तर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं वरचेवर बंद असतो, आणि रस्त्याचं काम चालू असलं की उन्हाळ्यातही बंद ठेवतात. निघायच्या आदल्या दिवशी भोर किंवा महाड एसटी आगारात फोन करून 'वरंधातून गाडी चालू आहे का' एवढं विचारा. एसटी जात असेल तर तुमचीही गाडी जाईल. बंद असेल तर मुळशीवरून ताम्हिणी घाटानं माणगावला उतरा आणि तिथून महाड गाठा.

वारांचंही गणित आहे. जमलं तर रविवारी पहाटे निघून बुधवारी परत या. रविवारी तुम्ही कोकणात उतरत असता तेव्हा गर्दी परतीच्या वाटेवर असते, आणि मंगळवार-बुधवारी महाबळेश्वर मोकळं सापडतं. शनिवार-रविवार महाबळेश्वरला येईल अशी आखणी केली तर पाचगणीच्या रांगेतच अर्धा दिवस जाईल.

गाडीची तयारी

छोटी हॅचबॅकसुद्धा हा सगळा प्रवास व्यवस्थित करते. मोठी एसयूव्ही हवीच असं काही नाही, उलट वरंधच्या अरुंद वळणांवर लहान गाडी सोयीची पडते. ब्रेक लायनर, ब्रेक ऑइल, कूलंट, टायरची नक्षी आणि स्टेपनीतली हवा, एवढं मेकॅनिककडून बघून घ्या. वायपर पावसाळा नसला तरी बदला, कारण आंबेनळीच्या वरच्या टप्प्यात पहाटे आणि संध्याकाळी धुकं काचेवर बसतं.

भोरला टाकी पूर्ण भरा, पुढे महाडला पुन्हा. वरंधच्या मधल्या भागात मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. रोख पैसे सोबत असू द्या. गाडी लागणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा, निघताना पोटभर खाऊ नका आणि गोळी घ्यायची असेल तर घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. वळणं सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा काही उपयोग होत नाही. तोंडात आलेपाक मात्र केव्हाही चालतो.

पहिला दिवस: पुणे, भोर, वरंध, महाड, वेळास

पहाटे सहाला निघा. खेड-शिवापूरचा टोल ओलांडून कापूरहोळला महामार्ग सोडायचा आणि उजवीकडे भोरची वाट धरायची. पुण्याहून भोर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. नाश्ता भोरमध्येच करा, कारण पुढे घाटमाथ्यापर्यंत हमखास काही मिळेल असं नाही.

भोर सोडलं की नीरा नदी सोबतीला येते आणि थोड्याच वेळात नीरा-देवघर धरणाचा फुगवटा दिसू लागतो. रस्ता कितीतरी वेळ या पाण्याच्या काठानं, खाचीखाचीतून आत-बाहेर करत जातो. इथे वेग आपोआप कमी होतो आणि तो तसाच ठेवा. वळणापलीकडे गुरं बसलेली असतात. पाणी संपतं, झाडी दाटते, शेवटची वस्ती मागे पडते आणि खिंडीत पोचल्यावर समोरचा डोंगर एकदम नाहीसा होऊन खाली रायगड जिल्हा उघडा पडतो. हीच ती पाणलोटाची रेषा. तुमच्या मागे पडलेला पाऊस नीरेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि पूर्व समुद्राला जातो. पुढच्या उतारावर पडलेला सावित्रीला मिळतो आणि पश्चिम समुद्राला जातो.

घाटात वाघजाईचं मंदिर लागतं. तिथे भजी आणि चहाच्या टपऱ्या आहेत, माकडंही भरपूर. गाडीच्या काचा बंद करूनच उतरा आणि माकडांना काहीही घालू नका. आपण दिलेल्या बिस्किटांपायी ती रस्त्यावर येऊन बसतात आणि गाडीखाली सापडतात. इथला कावळ्या किल्ला या रस्त्यानं मधोमध कापला आहे. किल्ल्याचा एक भाग तुमच्या एका हाताला, दुसरा दुसऱ्या. दरीच्या बाजूच्या कठड्यापाशी दहा मिनिटं उभं राहून पाहिलं तर खालचा रस्ता कुठून कुठे जातो ते नीट कळतं. पुढची वळणं डोक्यात बसतात, म्हणून हा थांबा चुकवू नका.

आता उताराविषयी नीट सांगतो, कारण या प्रवासातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ज्या गिअरमध्ये तो चढ चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. वरंधला बहुतेक ठिकाणी दुसरा, तीव्र वळणांवर पहिला. इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक फक्त वळणाच्या आधी, थोडा वेळ पण ठामपणे दाबायचा. पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरलात तर लायनर तापतात, करपल्यासारखा वास येतो आणि मग पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा, वीस मिनिटं गाडी उभी ठेवा, पण तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका. न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणं हे जिवावर बेतणारे प्रकार आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकची ताकद जाते आणि स्टिअरिंगही जड होतं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर एल, एस किंवा मॅन्युअल मोडचा वापर घरून निघण्याआधी शिकून घ्या. स्कूटरला इंजिनाचा आधार फारसा मिळत नाही, त्यामुळे स्कूटरवाल्यांनी दर काही किलोमीटरला ब्रेक थंड होऊ द्यावेत.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा घाटातला जुना नियम आहे. समोरून एसटी येताना दिसली तर वळणात घुसू नका. तिला वळायला पूर्ण रस्ता लागतो. वळणाच्या अलीकडे, डोंगराच्या बाजूला चिकटून थांबा, तिला जाऊ द्या. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा, आणि काच थोडी खाली ठेवा म्हणजे समोरच्याचाही ऐकू येईल.

घाट उतरला की शिवथरघळीचा फाटा आहे. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला अशी श्रद्धा आहे. जाऊन-येऊन दीड तास मोडतो. पहिल्याच दिवशी वेळासपर्यंत जायचं असेल तर साडेदहाच्या आत घाट उतरलात तरच तिकडे वळा.

महाडला पोचलात की सावित्री पहिल्यांदा भेटते. गाव सावित्री आणि गांधारी यांच्या काठी वसलेलं आहे आणि जुन्या काळी भरतीच्या पाण्यावर गलबतं इथपर्यंत येत, म्हणून ते व्यापाराचं मोठं ठिकाण होतं. नदीत मगरी आहेत. काठावर पहुडलेल्या दिसल्या तर लांबून पाहा आणि पाण्यात पाय घालू नका. महाडला वेळ द्यायचा तो चवदार तळ्याला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे हजारो लोकांसह तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळ्याच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसा. उद्याच्या-परवाच्या रस्त्यावर किल्ले खूप आहेत, पण या देशाच्या इतिहासात या एका तळ्यानं जे केलं त्याची बरोबरी त्यांतला क्वचित एखादा करील. पुढे ज्या मंडणगड तालुक्यातून तुम्ही जाणार आहात त्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. वेळ असेल त्यांनी तेही पाहावं.

जेवण महाडला उरका. मग मुंबई-गोवा महामार्गानं मुंबईच्या दिशेला निघायचं. गंधारपाले लेणी गावाबाहेर रस्त्यालगतच डोंगरात दिसतात. पुढे टोळ फाट्याला डावीकडे वळून आंबेतला जायचं. इथून नदीचं रूप पालटतं. पाणी रुंद आणि मातकट होतं, काठाला खारफुटी दिसू लागते, आणि ओहोटीच्या वेळी चिखलात बगळे नि करकोचे उभे असतात. आंबेतच्या पुलावर सावित्री ओलांडली की पलीकडे म्हाप्रळ, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. हा पूल मध्यंतरी दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला होता, तेव्हा महाडला जेवतानाच चौकशी करा. पूल बंद असेल तर माणगाव-म्हसळा मार्गे थेट हरिहरेश्वरला जा आणि दुसऱ्या दिवशी जंगल जेटीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनं, पलीकडे जाऊन बाणकोट-वेळास करून परत या.

म्हाप्रळहून मंडणगड आणि मंडणगडहून देव्हारे मार्गे वेळास. हा शेवटचा तुकडा अरुंद आहे, लाल माती आणि आंबा-काजूच्या बागांतून जाणारा. अंधाराआधी तो पार होईल अशा बेतानं निघा. वेळासला घरगुती राहण्याची सोय होते, जेवणही घरचंच. आधी फोन करून माणसं किती आणि मासे खाणारे किती हे सांगून ठेवा. आयत्या वेळी पोचून मासळीचा आग्रह धरू नये, त्यांनाही ती आणावी लागते.

दुसरा दिवस: बाणकोट, खाडी आणि हरिहरेश्वर

आज गाडी फारच थोडी चालवायची आहे. तो वेळ समुद्राला द्या. वेळासचा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखला जातो. 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन इथे घरटी राखली. मार्च-एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ घरट्यावर झाकलेली टोपली उघडून पिल्लं सोडतात. नाना फडणविसांचं भानू घराणंही याच गावचं.

बाणकोटचा किल्ला लहानसा आहे, जांभ्याचा, पण त्याच्या तटावरून सावित्रीचं मुख जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडून दिसत नाही. समोर हरिहरेश्वरचा डोंगर, मधे खाडी, आणि गोडं नि खारं पाणी जिथे मिसळतं तिथे पाण्याच्या रंगातली रेघ. आंग्र्यांच्या काळात हा हिम्मतगड होता. 1755 साली तो इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं.

किल्ला पाहून वेसवीच्या धक्क्यावर या. इथून बागमांडल्याला जंगल जेटी सुटते. पहिल्यांदा गाडी चढवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: चालकाखेरीज सगळ्यांनी उतरून पायी चढायचं. बोटीवरचा माणूस हातानं खुणा करतो, त्याच्याकडेच बघायचं, आरशात नाही. फळीवर गाडी पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगानं चढवायची, मधे थांबायचं नाही. जागेवर लागली की हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवायची. मोठ्या ओहोटीला पाणी खाली गेलेलं असतं, त्यामुळे धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि खालून लहान गाडीचा पुढचा बंपर घासू शकतो. अशा वेळी तास-दीड तास थांबून पाणी चढल्यावर जाणं शहाणपणाचं.

भरती-ओहोटीचा हिशेब कोकणात तोंडी करतात आणि तो तुम्हालाही करता आला पाहिजे. तिथीची पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे चतुर्थीला ती सकाळी नऊच्या आसपास येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप ओसरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी, म्हणजे चढणंही बेताचं आणि ओसरणंही.

हा हिशेब लागतो हरिहरेश्वरला. इथे काळभैरव आणि हरिहरेश्वराचं दर्शन घेऊन देवळामागून पायऱ्या उतरल्या की प्रदक्षिणेचा मार्ग थेट समुद्राच्या खडकांवरून जातो. लाटांनी खडकांत कोरलेली जाळीदार नक्षी, खळग्यांत अडकलेलं पाणी, त्यात फिरणारे खेकडे असं सगळं हातभर अंतरावर दिसतं. पण ही वाट फक्त ओहोटीची आहे. पाणी चढू लागलं की लाट खडकावर येऊन माणसाला ओढून नेते आणि इथे असे जीव गेलेले आहेत. द्वितीयेपासून पंचमीपर्यंतच्या तिथी प्रदक्षिणेला उत्तम: पाणी बऱ्यापैकी ओसरतं आणि ओहोटी सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान, उजेडात येते. तोंडी हिशेब केलात तरी देवळापाशी विचारूनच खाली उतरा, ओहोटीच्या क्षणाच्या आधी तासभर निघा आणि पाणी वळायच्या आत बाहेर या. पायात रबरी तळव्याची चप्पल हवी. शेवाळलेल्या काळ्या खडकावर अनवाणी किंवा गुळगुळीत बुटांनी जाऊ नका.

सकाळची ओहोटी चुकली तर प्रदक्षिणा तिसऱ्या दिवशी सकाळी करता येते, म्हणून आजचा मुक्काम हरिहरेश्वरलाच. संध्याकाळी जेवणाला उकडीचे मोदक सांगून ठेवा, ते आधी सांगावेच लागतात.

तिसरा दिवस: पोलादपूर आणि आंबेनळी

हरिहरेश्वरहून म्हसळा-साई मार्गे माणगाव. इथे मुंबई-गोवा महामार्गाला लागायचं. माणगावच्या बाजारपेठेत वाहनं तुंबतात, तिथे अर्ध्या तासाची सवड धरा. महाडच्या पुढे लगेच सावित्रीवरचा नवा पूल लागतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्यासोबत एसटीच्या दोन बसेस आणि कित्येक माणसं गेली. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017 मध्ये सुरू झाला. हिवाळ्यात खाली बघितलं तर गुडघाभर पाणी नि गोटे दिसतात. त्या पाण्यानं असा पूल नेला हे समजून घ्यायचं तर समोरच्या डोंगराकडे बघा. महाबळेश्वरच्या कड्यावर पडलेला सगळा पाऊस काही तासांत इथे येऊन पोचतो.

पोलादपूरला जेवून दोनच्या सुमारास आंबेनळीला लागा. महाबळेश्वर इथून चाळीसेक किलोमीटर. उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव पोलादपूरपासून जवळच आहे, समाधी तिथेच. तासभर हाताशी असला तर जरूर जा.

आंबेनळी हा चढ म्हणून सोपा, पण लांब आहे. सुरुवातीला सावित्रीचं खोरं एका बाजूला राहतं, मग झाडी वाढते आणि रस्ता आडवा-तिडवा होत वर जातो. चढताना एसी बंद करा, म्हणजे इंजिनावरचा भार कमी होईल. तापमानाचा काटा चढू लागला तर थांबा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. पुढची ट्रक-टेम्पो हळू चालली असेल तर तिच्या मागे राहा. कठडा तुटलेल्या ठिकाणी नुसती पिंपं किंवा दगड मांडलेले असतात, त्यांच्यापासून हातभर आत राहा. धुकं उतरलं तर हेडलाइट लो बीमवर ठेवा. हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. गाडी चालू असताना चारही इंडिकेटर लावण्याची सवय सोडा, त्यानं मागच्याला तुम्ही कुठे वळणार ते कळत नाही.

वाडा कुंभरोशीपाशी प्रतापगडाचा फाटा येतो. इथे पुन्हा एक पाणलोट ओलांडला जातो. प्रतापगडाच्या पश्चिमेचं पाणी सावित्रीला आणि पूर्वेचं कोयनेला. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून मोरोपंत पिंगळ्यांनी बांधलेला हा गड याच सीमेवर, पार घाटाच्या वाटेवर नजर ठेवायला उभा आहे. 10 नोव्हेंबर 1659 ला अफझलखानाची भेट त्याच्या पायथ्याशी झाली. गडावर चढायला दीड-दोन तास द्या आणि बुरुजावर उभे राहून जावळीचं खोरं नीट बघा. खानाचं एवढं मोठं सैन्य इथे का अडकलं, हे त्या झाडीकडे पाहिलं की आपोआप कळतं.

ज्यांना गडापेक्षा शांतता हवी त्यांनी पायथ्याच्या पार गावात उतरावं. रामवरदायिनीचं मंदिर आणि कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल, दोन्ही पाहण्यासारखं आहे. पूल अजून ठणठणीत आहे. कमानींचे दगड नीट बघा आणि खांबांना पाण्याच्या दिशेनं दिलेली निमुळती टोकं बघा. पुराचं पाणी आपटण्याऐवजी फाटून जावं म्हणून ती तशी आहेत. सकाळी ज्या नव्या पुलावरून आलात त्यानंतर हा पाहणं मला फार मोलाचं वाटतं.

अंधारापूर्वी महाबळेश्वर गाठा. मुक्काम बाजारपेठेत नको, क्षेत्र महाबळेश्वरच्या बाजूला घ्या. पहाटे उगमाशी जायला तेच सोयीचं.

चौथा दिवस: उगम, आर्थर सीट, पसरणी, वाई

सकाळी सहा-साडेसहाला पंचगंगा मंदिरात जा, तेव्हा गाभाऱ्यात पाण्याचा आवाज ऐकू येतो. नंतर गर्दीत तो बुडून जातो. पाच नद्यांच्या जोडीला भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते, असं परंपरा मानते. जवळच कृष्णाबाईचं जुनं काळ्या दगडातलं मंदिर आहे. तिथे फार कमी लोक जातात आणि समोर कृष्णेचं खोरं पसरलेलं असतं.

मग आर्थर सीट. महाबळेश्वरचे बाकीचे सगळे पॉइंट सोडलेत तरी चालेल, हा एकच नीट बघा. कड्याच्या टोकावर उभं राहिलं की पायाखाली सावित्रीची खोल दरी आहे, जिच्यातून तिचं पाणी कालच्या पोलादपूरकडे जातं. तीन दिवस जिच्या काठानं फिरलात ती नदी इथे एवढ्याशा रेघेसारखी दिसते. ही जागा आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावानं ओळखली जाते. त्यानं इथे पहिलं घर बांधलं. त्याची बायको आणि तान्हं मूल बाणकोटच्या खाडीत बोट बुडून गेलं, असं सांगतात, म्हणजे याच नदीच्या मुखाशी. दहाच्या आत पोचा, दुपारनंतर दरीत वाफ भरते. कठड्याच्या बाहेर फोटोसाठी जाऊ नका, इथला खडक ठिसूळ आहे.

पाचगणीत थांबायची गरज नाही. स्ट्रॉबेरी घ्यायची असेल तर डिसेंबर ते मार्च रस्त्याकडेच्या शेतांवरच मिळते. डब्याच्या खालच्या थरातली फळं बघून घ्या. पसरणी घाट रुंद आहे, पण वेगानं उतरणाऱ्या टॅक्सींमुळे इथे जास्त जागरूक राहावं लागतं. पहिल्या दिवशीचा उताराचा नियम इथेही तसाच पाळायचा.

वाईत ढोल्या गणपती आणि कृष्णेचे घाट पाहून तीन-चार किलोमीटरवरच्या मेणवलीला जा. नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागचा घाट बघण्यासारखा आहे. ज्यांचं मूळ गाव पहिल्या मुक्कामी पाहिलंत त्याच घराण्याचा हा वाडा. घाटावरच्या देवळात वसईच्या मोहिमेत मिळालेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. दुपारी तीनला निघालात तर सुरूर फाट्याला महामार्ग आणि खंबाटकीमार्गे सहाच्या सुमारास पुणे. खंबाटकी उतरताना सहापदरी रस्त्याच्या भरवशावर वेग वाढवू नका.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवून घ्या. जेटीवर आणि धक्क्यावर उडालेलं खारं पाणी चेसिसला राहिलं तर गंज पकडतो. त्याच वेळी पुढची चाकं काढून लायनर किती उरलेत ते बघून घ्या. तीन घाटांनंतर ते अपेक्षेपेक्षा जास्त झिजलेले असतात.